सिमिली म्हणजे आपली उपमाच

दहावीच्या इंग्रजी पेपरात आपल्या मुलामुलींचे गुण कुठे जातात? उतारा वाचता येतो, कविताही पाठ असते. पण प्रश्नात 'फिगर ऑफ स्पीच' किंवा 'इन्फर' असा शब्द आला की पेन थांबते. आईबापांना वाटते, पोरगं इंग्रजीत कच्चं. पुष्कळदा तसे नसते. त्या शब्दाचा अर्थ कोणी नीट सांगितलेला नसतो, एवढेच. ज्यांना क्लासची फी परवडते त्यांना तो तिथे कळतो. आपल्या पाल्याने काय करावे?

मराठीच्या व्याकरणाचे पुस्तक उघडावे. 'सिमिली' म्हणजे उपमा, 'मेटाफर' म्हणजे रूपक, 'पर्सॉनिफिकेशन' म्हणजे चेतनगुणोक्ती, 'हायपरबोली' म्हणजे अतिशयोक्ती, 'अलिटरेशन' म्हणजे अनुप्रास. हे सारे मुलांनी मराठीच्या तासाला शिकलेलेच असते, फक्त नावे इंग्रजी.

धम्मपदाच्या पहिल्या दोन गाथा आठवा. वाईट मनाने वागणाऱ्याच्या मागे दुःख लागते ते बैलाच्या पावलामागे गाडीचे चाक यावे तसे, आणि शुद्ध मनाच्या माणसामागे सुख सावलीसारखे येते. दोन्ही ठिकाणी उपमा आहे. आपल्या 'सारखे'साठी इंग्रजीत बहुधा 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' येते. पण 'आय लाइक टी' यात 'लाइक' असला तरी उपमा नाही, तो आवडण्याचा आहे. 'ती आईसारखी दिसते' यातही नाही, कारण तिथे माणसाची माणसाशी सरळ तुलना आहे. दुःख आणि चाक या अगदी वेगळ्या गोष्टी, त्या जोडल्या म्हणून उपमा झाली.

'अँटिथिसिस' म्हणजे विरोधी कल्पना समोरासमोर ठेवणे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. समता एका बाजूला, विषमता दुसऱ्या. हे उदाहरण ज्याच्या ध्यानात राहिले तो 'अँटिथिसिस' विसरणार नाही.

अनुप्रासात मात्र मुले हमखास फसतात. तो अक्षरावर नसतो, आवाजावर असतो. 'किंग' आणि 'नी' (म्हणजे गुडघा) ही दोन्ही इंग्रजीत 'के'ने सुरू होतात, तरी अनुप्रास नाही. 'फोन' आणि 'फादर' यांची पहिली अक्षरे वेगळी, तरी आहे. उपाय सोपा: शब्द देवनागरीत लिहून पाहावेत. किंग, नी. फोन, फादर. लगेच उलगडते. रसग्रहणात 'र्‍हाइम स्कीम' म्हणजे यमकरचना विचारतात, तिथेही हीच युक्ती. 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांची शेपटे इंग्रजीत सारखी दिसतात, देवनागरीत फरक उघड होतो. मराठी माध्यमाच्या पोरांनी उगाच मान खाली घालू नये, असे आम्हांला वाटते ते यासाठीही.

राहिला 'इन्फरन्स', म्हणजे अनुमान. हा तर आपल्याच परंपरेतला शब्द. आचार्य दिङ्नागांनी ज्ञानाची प्रमाणे दोनच मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. उताऱ्यात लिहिले आहे की बाबा दारात आले, पाय पुसले, ओली छत्री कोपऱ्यात ठेवली. छत्री ओली, हे प्रत्यक्ष. बाहेर पाऊस आहे, हे अनुमान. बाबा कामावरून आले, हे मात्र कुठेच नाही. ते मुलाने मनाचे घातले आणि तिथेच गुण गेला.

इथे इंग्रजी न येणारी आईसुद्धा शिक्षिका होऊ शकते. रविवारी विहारातून घरी आल्यावर जुनी प्रश्नपत्रिका सोडवायला द्यावी आणि प्रत्येक उत्तराला एकच प्रश्न विचारावा, "कशावरून?" मुलाने उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवून तिचा मराठीत अर्थ सांगावा. बोट ठेवता आले नाही, तर ते उत्तर खोडून उतारा पुन्हा वाचायला लावावा.