रोग रेड्याला, फोटो पखालीला

पोटात कळ आली किंवा कंबर धरली की दवाखान्यात शिरतानाच आपण म्हणतो, "डॉक्टर, एकदा फोटो काढूनच टाका!" डॉक्टर पोट दाबून पाहू लागले, चार प्रश्न विचारू लागले, तर वाटते हे वेळ काढताहेत. मग आपणच मोठ्या मशीनचा आग्रह धरतो. त्यापायी उसनवारी होते, दावणीची शेळी विकली जाते, आणि एवढे करून रोग सापडतोच असे नाही. कारण प्रत्येक यंत्राची नजर वेगळी आहे.

एक्स-रेचा शोध १८९५ साली जर्मनीत राँटजेन यांनी लावला. दोरीवर धोतर वाळत घातले तर ऊन आरपार येते, घोंगडी मात्र ते अडवते. आपल्या देहात मांस म्हणजे धोतर आणि हाड म्हणजे घोंगडी. म्हणून मोडलेले हाड एक्स-रेत चटकन दिसते. पण पित्ताशयातले बहुतेक खडे त्यात दिसत नाहीत, मणक्यांमधली गादीही दिसत नाही. छातीच्या फोटोत डाग दिसला म्हणजे क्षय ठरला, असेही नाही. त्यासाठी थुंकी तपासावी लागते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

सोनोग्राफीत किरण नसतात, आवाज असतो. विहिरीत हाक मारली की ती परत येते ना, तसेच हे. हा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो आतल्या अवयवांवर आपटून परततो आणि त्यावरून चित्र तयार होते. हवा मध्ये आली की मात्र सगळे बिघडते. म्हणून पोटावर तो गार चिकट पदार्थ लावतात आणि पोटाच्या तपासणीला बहुधा उपाशी बोलावतात. एस.टी. स्टँडवर चहा-भजी खाऊन गेलात, तर परत फिरावे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. हेच यंत्र पोटातल्या बाळाची वाढ दाखवते. त्याचा गैरवापर होऊ लागला म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ साली केंद्राने केला. मुलगा की मुलगी हे सांगणे गुन्हा आहे, तसे ते जाणून घ्यायला बाईला तिथे नेणेही गुन्हाच आहे.

सी.टी. स्कॅन म्हणजे चहूबाजूंनी फिरणारा एक्स-रे. कलिंगड न कापता त्याच्या चकत्या पाहाव्यात, तसे ते दाखवते. डोक्याला मार लागला तर त्याचा मोठा उपयोग. पण किरणांची मात्रा साध्या फोटोच्या कित्येक पट असते, म्हणून हौसेने काढू नये. दिवस गेले असतील तर एक्स-रे आणि सी.टी.आधी ते न लाजता सांगावे.

एम.आर.आय.मध्ये किरण नसतात, पण प्रचंड लोहचुंबक असते आणि ते सदा चालूच असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आत गेलेला नातेवाईक यंत्राकडे ओढला जाऊन दगावला. अंगात पेसमेकर असेल, कधी वेल्डिंग करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर ते आधी सांगा.

तेव्हा फोटो मागण्याआधी आपले दुखणे नीट सांगा : कधीपासून, कुठे, कशाने वाढते. "या तपासणीने काय कळणार?" हा प्रश्न जरूर विचारा, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. जुन्या फिल्मा आणि रिपोर्ट जपून ठेवा, ग्रहण बघायला पोरांच्या हाती देऊ नका. त्याने डोळे जातील आणि पुढच्या डॉक्टरांना तुलना करायला काही उरणार नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी एवढे करावे. कोणत्या तपासणीला उपाशी जायचे, कोणत्या तपासणीला पाणी पिऊन, हे आरोग्य केंद्रातून लिहून घेऊन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावे. खर्च एका खडूचा आहे, वाचणार आहे गरिबाची मजुरी.