जमा झालेले श्रेयांक वटणार कुठे?

दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांची पदविका करायची आणि मग इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा, ही वाट महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक आहे. आयटीआयची दोन वर्षं करून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला बसता येतं. जीएनएम झालेल्या परिचारिकेला बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं पहिल्यापासून काढावी लागत नाहीत, पोस्ट बेसिकची दोन वर्षं पुरतात. माणूस जे शिकून आला आहे ते मोजायचं आणि तेच पुन्हा शिकायला लावायचं नाही, हे तत्त्व इथे आपण कधीच स्वीकारलं आहे. थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं गणितात कच्ची असतात, अशी तक्रार प्राध्यापक करतात. ती पुष्कळदा खरीही असते. पण म्हणून त्यांना कुणी पहिल्या वर्षाला परत पाठवत नाही, जादा तास घेऊन ती उणीव भरून काढतात.

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या दारात मात्र हे तत्त्व अजून पोचलेलं नाही. कागदावर पोचलं आहे, आणि म्हणूनच आजचा विषय महत्त्वाचा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे नियम लागू केले. सगळे तिला एबीसी म्हणतात. विद्यार्थ्याच्या नावाने खातं उघडायचं, वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेले श्रेयांक त्यात जमा करायचे आणि पुरेसे झाले की पदवी घ्यायची, अशी ती कल्पना. श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात आणि पदवी देणाऱ्या संस्थेत निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. त्याच वर्षी ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची मर्यादाही वाढली. एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येत होते, ते ४० टक्क्यांपर्यंत करता येऊ लागले. २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. त्याने तीस तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक, वर्षाला १२०० तास म्हणजे चाळीस श्रेयांक असं माप घालून दिलं. शाळा, कौशल्य प्रशिक्षण आणि विद्यापीठ या तिघांना एकाच मापाने मोजायचं, असं देशाने प्रथमच ठरवलं. हा निर्णय मला मनापासून योग्य वाटतो.

पण या बँकेत खातेदाराला स्वतः काही भरता येत नाही. विद्यार्थ्याकडून थेट कोणतंही कागदपत्र घेतलं जाणार नाही, नोंदणीकृत संस्थेने पाठवलं तरच श्रेयांक जमा होतील, असं नियमातच आहे. बनावट प्रमाणपत्रांचा सुळसुळाट पाहता ही अट आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न पुढचा आहे. जमा झालेला श्रेयांक पदवीत धरायचा की नाही, हे ज्या विद्यापीठात शिकायचं ते ठरवतं. तिथलं अभ्यास मंडळ बघणार, विद्या परिषद मान्यता देणार, आणि ‘आमच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाही’ एवढं एक वाक्य पुरतं. त्या वाक्यापुढे विद्यार्थ्याला दाद मागायची सोपी जागा नाही. ‘मूक्स’मधून, म्हणजे अशा खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून, मिळवलेल्या श्रेयांकांचं स्थानांतर विद्यापीठाने नाकारू नये, असं आयोगाने ‘स्वयम्’च्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. पण अभ्यासक्रम मुळात यादीतच घेतला नाही, तर नाकारण्याची वेळच येत नाही.

महाविद्यालयं असं का वागतात? आळस किंवा आडमुठेपणा हे उत्तर अपुरं आहे. खरं कारण तासिकांमध्ये आहे. महाविद्यालयात किती शिक्षक लागतात हे कार्यभारावर, म्हणजे शिकवायच्या तासांवर ठरतं. वर्गातली मुलं एखादा विषय ‘स्वयम्’वर करू लागली की त्या विषयाचे तास घटतात. तास घटले की पहिली कुऱ्हाड तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकावर पडते. नेट-सेट झालेला, कधी पीएच.डी.सुद्धा झालेला हा माणूस तासाच्या हिशेबाने राबतो आणि त्याला सुट्टीचा पगारही मिळत नाही. विद्यार्थ्यांना ऑनलाइन अभ्यासक्रमांकडे वळवण्याचं काम आपण त्याच्याकडूनच अपेक्षितो. त्याने ते का करावं? ‘स्वयम्’ करणाऱ्या मुलांसाठी महाविद्यालयाने एक मार्गदर्शक शिक्षक नेमावा, असं नियमच सांगतात. त्या मार्गदर्शनाचे तास शासनाने कार्यभारात धरले, तर निम्मा विरोध आपोआप गळेल. हा खर्च करण्याची तयारी नसेल, तर श्रेयांकांच्या देवाणघेवाणीच्या घोषणा करण्यात अर्थ नाही.

वेळापत्रकाची अडचणही खरी आहे. ‘स्वयम्’ची परीक्षा आणि विद्यापीठाची परीक्षा यांचा मेळ बसत नाही. एकाचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याच्या गुणपत्रिका छापून होतात आणि मग त्या मुलाच्या निकालावर ‘राखीव’चा शिक्का बसतो. शिवाय बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला ते उघडून पाहायचाच धीर होत नाही.

इथपर्यंतचा प्रश्न वर्गात बसलेल्या मुलांचा झाला. मला जास्त कळकळ वाटते ती वर्गाबाहेर शिकलेल्यांची.

राज्याच्या नव्या पदवी रचनेत प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसंपर्क यांना श्रेयांक आहेत. त्यामुळे समाजशास्त्राच्या वर्गातली वीस वर्षांची मुलगी क्षेत्रीय प्रकल्पासाठी अंगणवाडीत जाते. मुलांची वजनं कशी घेतात, पोषण आहाराची नोंद कशी ठेवतात, गरोदर बाईच्या घरी जाऊन काय विचारतात, हे तिला अंगणवाडी सेविका समजावून सांगते. मुलीला श्रेयांक मिळतात. पुढे त्याच सेविकेने पदवीला नाव घातलं, कारण मुख्यसेविका व्हायचं तर पदवी हवी, तर तिच्या इतक्या वर्षांच्या कामाला शून्य श्रेयांक. शिकणारीला मोजतो आणि शिकवणारीला मोजत नाही, ही रचना अन्यायाची आहे.

हे मोजता येत नाही, असं कुणी म्हणू नये. अग्निवीरांसाठी केंद्र सरकारने ते मोजून दाखवलं आहे. २०२२ मध्ये इग्नूची जी खास पदवी जाहीर झाली, तिच्यात सैन्यातल्या प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक आहेत, उरलेले निम्मे अभ्यासातून मिळवायचे. निर्णय चांगला आहे. मग साताऱ्याच्या अग्निवीराला जो न्याय, तो त्याच गावच्या सेविकेला, आशाताईला, चाकणच्या कारखान्यात दहा वर्षं काढलेल्या फिटरला का नको? राष्ट्रीय आराखड्यात तर अनुभवालाही वजन दिलं आहे आणि पूर्वीच्या शिक्षणाची पारख करून श्रेयांक देण्याची सोय मान्य केली आहे.

यावर दर्जाचा आक्षेप येतो आणि तो मी गांभीर्याने घेते. नुसत्या अनुभवाच्या दाखल्यावर श्रेयांक वाटले, तर पैसे घेऊन दाखले देणारी दुकानं वर्षभरात उभी राहतील. त्यामुळे परीक्षा हवीच, पण शिकलेलं तपासणारी हवी, हजेरी तपासणारी नको. अमेरिकेत क्लेप नावाची परीक्षा १९६७ पासून हेच करते. विषय येत असेल तर परीक्षा द्या, उत्तीर्ण झालात तर महाविद्यालय श्रेयांक देईल, कुठे शिकलात हे कुणी विचारत नाही. फिटरची परीक्षा यंत्रासमोर व्हावी, सेविकेची तिने ठेवलेल्या नोंदींवरून आणि तोंडी. खासगी कंपन्यांची देखरेखीखालच्या परीक्षेशिवाय मिळणारी प्रमाणपत्रं मात्र एका श्रेयांकाइतकीही धरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक पथ्य हवं. दोन वर्षांच्या आयटीआयची पातळी आराखड्याने पदवीच्या पहिल्या वर्षाच्या खाली ठेवली आहे. तिचे सगळे तास पदवीत धरा, असा आग्रह चूक ठरेल. कामावर पुढे जे शिकला, ते मोजा.

हे काम महाराष्ट्रात कुणी करावं? नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने. १९८९ मध्ये ते स्थापन झालं ते नोकरी करणाऱ्या, शिक्षण सुटलेल्या, घरात अडकलेल्या माणसांसाठीच. राज्यभर त्याची अभ्यासकेंद्रं आहेत आणि मराठीतून परीक्षा घेण्याचा त्याच्याइतका अनुभव क्वचितच कुणाला असेल. पूर्वशिक्षणाच्या पारखीची केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यात सुरू करण्याचं काम शासनाने त्याच्याकडे सोपवावं आणि तिथे दिलेले श्रेयांक राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठावर बंधनकारक करावेत. बाकी विद्यापीठांनी कोणते बाहेरचे अभ्यासक्रम चालतील याची यादी प्रवेश सुरू होण्याआधी संकेतस्थळावर लावावी. श्रेयांक नाकारायचाच असेल तर तीस दिवसांत, लेखी, कारणासह नाकारावा. कारण लिहावं लागलं की पुष्कळ नकार जागीच विरतात.

शासन हे करेल तेव्हा करेल. तोवर प्रवेश घेणाऱ्यांना एक विनंती. बाहेरचा कोणताही अभ्यासक्रम करण्याआधी तो धरला जाईल का, हे महाविद्यालयाला लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. प्रमाणपत्राबरोबर अभ्यासक्रमाचा तपशील आणि तासांची संख्या असलेला कागदही जपून ठेवा, कारण अभ्यास मंडळ आधी तोच मागतं. तोंडी ‘चालेल’ वर विसंबून फी भरू नका.