गाडी खाली बसवताना चाकांचे काय होते?
मॅकफर्सन स्ट्रट सस्पेन्शन असलेल्या गाडीची उंची कमी केली, की पहिला बदल चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या कलात होतो. मूळ उंचीवर हा आर्म सहसा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी 40-50 मिलिमीटर खाली आली की तो आडवा होतो, कधी उलटा चढू लागतो. मग रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली सरकते, दोहोंतले अंतर वाढते आणि वळणावर गाडीला कलंडवू पाहणारा जोर वाढतो. खाली बसलेली गाडी वळणावर आपोआप भक्कम होते, हा समज म्हणूनच अपुरा आहे. स्टिअरिंगचा प्रश्न अधिक नाजूक. टाय रॉड आणि लोअर आर्म यांची टोके ज्या कंसांतून वरखाली होतात, ते कंस मूळ उंचीच्या आसपासच नीट जुळतात. तिथून दूर गेल्यावर चाक खड्ड्यात आपटले की स्टिअरिंग सरळ धरलेले असतानाही चाकाची दिशा बदलते. यालाच बंप स्टिअर म्हणतात. व्हील अलाइनमेंट करून टो, म्हणजे वरून पाहता चाकांचा आत-बाहेरचा कोन, पुन्हा जुळवता येतो, आणि टायर आतल्या कडेने झिजू नयेत म्हणून ते करायलाच हवे. पण ती दुरुस्ती उभ्या गाडीपुरती. धावताना कंस बिघडलेलेच राहतात. खरा उपाय म्हणजे लांब दांड्याचा बॉल जॉइंट बसवून आर्मचा कल परत आणणे आणि टाय रॉडचे बाहेरचे टोकही त्याच हिशेबाने खाली घेणे. हे करायचे नसेल, तर गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगांना हात लावू नये.