भेंड्यांतला 'घ'

मैत्रिणींनो, भेंड्या लावताना 'घ' आला की तुमच्याकडेही शांतता पसरते का हो? परवा लग्नघरी मेंदी काढताना आमचे तसेच झाले. 'अमर भूपाळी' (१९५१) मधले 'घनश्याम सुंदरा' झाले, मन्ना डे यांचे 'घन घन माला' झाले, अन् गाडी अडली.

तेवढ्यात कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या सासूबाईंनी लताबाईंचे 'घट डोईवर' सुरू केले. पाठोपाठ माणिक वर्मांचे 'घननीळा लडिवाळा'. त्या गातात हेच मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते! मग कृ. ब. निकुंबांचे 'घाल घाल पिंगा वाऱ्या' धरले. सासुरवाशिणीने वाऱ्याबरोबर माहेरी धाडलेला निरोप तो. मधेच थांबल्या. "पुढचं आठवत नाही गं." आठवत होते, डोळे पाहिले मी.

आता मी शंभर पानी वहीत एकेका अक्षराला दोन पाने सोडली आहेत. दिवेलागणीनंतर त्या सांगतात, मी लिहिते. बावीस वर्षांत त्यांनी माहेरचे गाव पाहिलेले नाही, हेही त्या वहीपाशीच कळले. येत्या भाऊबीजेला घेऊन जायचे म्हणते आहे.

'ठ'चे पान मात्र अजून कोरेच. तुम्हाला सुचले तर कळवा हं!