उकिरड्याचा उजेड कुणाचा?

कुरखेड्याहून मायचा फोन : "बाबू, कचऱ्यातून लाइट निंगते म्हनतेत, खरं हाय का?"

निंगते, माय. ओला कचरा ढिगाखाली दाबला, हवा कोंडली, की सडता सडता मिथेन होतो. वरून मातीचं पांघरूण घाला, आत नळ्या खुपसा, गॅस ओढा, इंजिनात जाळा. जनित्र फिरतं. मोकळा सोडला तर हाच मिथेन, शंभर वर्षांच्या हिशेबात, कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपट तरी पृथ्वी तापवतो. तेव्हा जाळावाच.

शास्त्र मान्य. मालकी अमान्य!

गोराईचा ढीग 1972 पासून वाढला. 2007 नंतर बंद करून मातीखाली झाकला. आतला गॅस जाळायचा ठरला आणि त्यावर कार्बन-क्रेडिटचा भाव लागला. बघा दोस्तहो, उघड्यावर सडत होतं तोवर ती घाण. नळीतून आलं की ती संपत्ती!

देवनारचा ढीग 1927 पासूनचा. जानेवारी 2016 मध्ये पेटला. धूर उपग्रहांना दिसला. गोवंडीतल्या पोरांच्या छातीत तो आधीच होता, तो कुणाला दिसला नव्हता. आगीनंतर पहारे वाढले, कचरावेचकांना फाटक बंद. ज्या बायांनी उघड्या हातांनी लोखंड, काच, प्लास्टिक वेचून शहराचा भार हलका केला, त्याच चोर?

मी गोदीत राबतो. जहाजाच्या होल्डमध्ये धान्य सडलं की आतली हवा माणूस मारते. तिथं आधी कोण उतरतो? कंत्राटी. ढिगावरही तेच होणार. साहेबाला मीटर, आपल्याला वास.

बाबासाहेबांनी 1935 साली म्युनिसिपल कामगार संघ उभारला. झाडू धरणाऱ्या हातांची संघटना. आज त्या हातांनी मागायचं ते हे : ढिगावर वीजघर बांधाल तर पहिली नोकरी कचरावेचकाला, आणि ती कायम. पहिली तार ढिगाच्या पायथ्याच्या झोपडीला. जमाखर्च वस्तीसमोर.

आणि गॅसच्या नावाखाली नवे ढीग रचू नका. ओला कचरा वेगळा करून बंद टाकीत कुजवा, गॅस मिळतो, खतही मिळतं. चंद्रपूरनं राज्याला वीज देऊन राख अंगावर घेतली. आता कुरखेड्यात सती नदीच्या काठी मुंबईचा देवनार नको.

लाइट निंगते, माय. पण वास ज्याच्या घरात, उजेड आधी त्याच्या घरात. नाहीतर फाटकाशी गाठ आमच्याशी आहे!