‘डॉक्टर हू’ बिघडली, पण कुणामुळे?

‘डॉक्टर हू’ आता पूर्वीसारखी राहिली नाही, ही तक्रार जवळपास त्या मालिकेइतकीच जुनी आहे. बीबीसीची ही विज्ञानकथा-मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. जुन्या लंडनमधल्या निळ्या पोलीस बॉक्सच्या आकाराच्या यानातून काळ आणि अवकाश ओलांडत फिरणारा एक परग्रहवासी तिचा नायक आहे. त्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. मरणाच्या दारात पोहोचला की तो नव्या शरीरात, नव्या स्वभावानिशी उभा राहतो. १९६६मध्ये पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा ही युक्ती काढली गेली आणि तिच्यामुळेच मालिका टिकली. नट बदलतात, लेखक बदलतात, गोष्ट चालू राहते. साहजिकच प्रत्येक चाहत्याचा एक ‘आपला’ डॉक्टर असतो आणि त्याच्यानंतर आलेला प्रत्येक जण त्याला थोडा उणाच वाटतो.

या तक्रारीचा इतिहास मजेशीर आहे. १९८५मध्ये बीबीसीने मालिका दीड वर्षासाठी थांबवली. १९८६मध्ये ती परतली, पण जुनी रया गेली होती. त्या वर्षी बीबीसीच्या ‘ओपन एअर’ या कार्यक्रमात चाहत्यांना लेखकांशी थेट बोलायची संधी मिळाली. त्यांत ख्रिस चिबनॉल नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता. पटकथा साचेबद्ध झाल्या आहेत, तीच ती बोळांतली धावपळ आणि तेच ते राक्षस, असा त्याचा सूर होता. लेखक दाम्पत्य पिप आणि जेन बेकर यांना तो सगळ्यांसमोर ऐकून घ्यावा लागला. १९८९मध्ये मालिका बंद पडली आणि २००५मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी ती पुन्हा उभी केली. २०१८मध्ये तिची सूत्रे हाती आली ती याच ख्रिस चिबनॉल यांच्या. लवकरच नव्या पिढीचे चाहते त्यांच्याविषयी तेच बोलू लागले, जे ते १९८६मध्ये बोलले होते.

इथपर्यंत हे घरातले भांडण होते. २०१८पासून त्यात एक वेगळा सूर मिसळला आणि मला त्याविषयीच लिहायचे आहे. चिबनॉल यांनी जोडी व्हिटेकर या अभिनेत्रीला डॉक्टर केले. पूर्ण वेळ डॉक्टरची भूमिका पहिल्यांदाच एका स्त्रीकडे आली. तिच्या सोबत्यांत यास्मिन खान होती. शेफील्डमधल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली ही मुस्लिम मुलगी पोलिसात उमेदवारी करत असते. पहिला भाग सुमारे १ कोटी १० लाख लोकांनी पाहिला. पुढे आकडा घसरत गेला आणि कारण शोधणाऱ्यांनी ते झटपट शोधले. मालिका ‘वोक’ झाली, तिच्यात ‘राजकारण’ घुसले, ‘कोटा’ भरायला माणसे घेतली. थोडक्यात काय, तर ‘ही मंडळी’ आली आणि मालिका बिघडली.

‘ही मंडळी’ कधी आली?

या दाव्याला उत्तर द्यायला वाद घालायची गरज नाही, मालिकेचा पहिला भाग पुरेसा आहे. ‘अ‍ॅन अनअर्थली चाइल्ड’ या पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन. जन्म लखनौचा आणि तेव्हा वय अवघे चोवीस. त्यांच्या आई अतिया हुसेन यांनी लखनौच्या तालुकेदार घराण्यावर लिहिलेली ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ ही कादंबरी अनेकांना ठाऊक असेल. निर्मात्या होत्या व्हेरिटी लँबर्ट. बीबीसीच्या नाट्यविभागात तेव्हा निर्माता म्हणून त्या एकट्याच स्त्री होत्या. म्हणजे गोऱ्या पुरुषांची अस्सल ब्रिटिश मालिका म्हणून जिच्या आठवणी काढल्या जातात, तिचा पाया लखनौचा एक मुसलमान आणि एक ज्यू तरुणी यांनी घातला.

आणि ते ‘सुवर्णयुग’? टॉम बेकर यांच्या काळातली १९७७ची ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग’ ही कथा चाहत्यांच्या कौलात नेहमी वरच्या क्रमांकावर असते. तिच्यातले संवाद आणि व्हिक्टोरियन लंडनचे वातावरण खरोखर उत्तम आहे. पण तिच्यातला मुख्य चिनी माणूस एका गोऱ्या नटाने चेहरा रंगवून उभा केला आहे आणि बाकीचे चिनी जवळपास सगळे गुंड आहेत. त्या काळी तिच्यात ‘राजकारण’ नव्हते असे ज्यांना वाटते, त्यांना ते राजकारण टोचत नव्हते, इतकेच.

तरीही तक्रार खरी आहे

आता दुसरी बाजू. चिबनॉल यांच्या काळात मालिकेचे लेखन खरोखरच कमजोर झाले होते आणि हे सांगायला मला कुणा वंशद्वेष्ट्याची परवानगी नको.

त्या काळातला सर्वोत्तम भाग माझ्या मते ‘डीमन्स ऑफ द पंजाब’, लेखक विनय पटेल. यास्मिनला आजी उम्ब्रीनची तरुणपणीची गोष्ट जाणून घ्यायची असते, म्हणून ती १७ ऑगस्ट १९४७ला पंजाबात पोहोचते. रॅडक्लिफ रेषा जाहीर झाली तो हा दिवस. उम्ब्रीनचे लग्न प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी ठरलेले असते. आजूबाजूला भयंकर दिसणारे परग्रहवासी वावरत असतात आणि वाटते की हेच ते राक्षस. निघते भलतेच. ते एकेकाळचे मारेकरी असतात आणि आता एकाकी मरणाऱ्यांजवळ साक्षीला उभे राहतात. खून करायला येते ती माणसांचीच टोळी आणि तिला वाट दाखवणारा असतो प्रेमचा सख्खा धाकटा भाऊ. आपल्याकडे फाळणीवर किती लिहिले गेले! पण तेव्हा रविवारच्या संध्याकाळी इंग्रज कुटुंबे पोराबाळांसह पाहत होती त्या मालिकेत हे येणे मोठी गोष्ट होती. काहींनी याला इतिहासाचा तास म्हणून हिणवले. माझी तक्रार उलट आहे. रेषा आखणारा एकही इंग्रज अधिकारी या कथेत पात्र म्हणून येत नाही. भाऊ भावावर उठला हे दिसते, पण ज्यांनी घाईघाईने घर वाटले, ते पडद्यामागेच राहतात.

दुसरे उदाहरण जास्त बोचरे आहे. जानेवारी २०२०च्या ‘स्पायफॉल’मध्ये नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये डॉक्टरला नूर इनायत खान भेटते. ही खरी नूर. सूफी हजरत इनायत खान यांची मुलगी, टिपू सुलतानच्या वंशातली. ब्रिटिशांसाठी पॅरिसमधून बिनतारी संदेश पाठवणाऱ्या नूरला १९४४मध्ये दाखाऊ छळछावणीत मारण्यात आले. तिला मालिकेत आणले, याचा आनंद होता. पण याच भागात खलनायक ‘मास्टर’ची भूमिका साचा धवन हा भारतीय वंशाचा नट करतो आणि तो जर्मन अधिकाऱ्याच्या वेशात वावरत असतो. एका यंत्रामुळे त्याचा सावळा रंग नाझींच्या ध्यानात येत नाही. डॉक्टर ते यंत्र निकामी करते आणि त्याला त्यांच्या हवाली करते. म्हणजे नायिका एका सावळ्या माणसाचा वंश नाझींना उघड करून दाखवते आणि पटकथा याकडे खलनायकाची खोड मोडली म्हणून पाहते. यावर तुटून पडलेल्या चाहत्यांत दक्षिण आशियाई वंशाचे लोकही होते. त्यांचे अगदी बरोबर होते.

आणि स्वतः यास्मिन? ती तीन हंगाम मालिकेत होती. वंशद्वेषी शिव्यांबद्दल आणि मशिदीतून परतताना ऐकाव्या लागणाऱ्या ‘दहशतवादी’ या शब्दाबद्दल ती ‘रोझा’ या भागात बोलते. ‘कॅन यू हिअर मी?’मध्ये तिचे एकेकाळचे नैराश्य दिसते आणि १३८०च्या अलेप्पोतले रुग्णालयही. मनोरुग्णांना माणुसकीने वागवणाऱ्या मुस्लिम वैद्यांचा तिथे गौरवाने उल्लेख होतो. असे काही क्षण सोडले तर गर्दीच्या यानात तिला करायला काम नसते. ती प्रश्न विचारते आणि उत्तर ऐकते. पुढे तिचे डॉक्टरवर प्रेम असल्याचे सांगितले गेले. पण तिचे घर, तिची श्रद्धा आणि हे प्रेम यांची एकमेकांशी गाठ लेखकाने घातलीच नाही.

तिच्याशेजारी रिटाला ठेवून पाहा. २०११च्या ‘द गॉड कॉम्प्लेक्स’मध्ये एका भागापुरती आलेली ही मुस्लिम तरुणी. सापळ्यासारख्या त्या हॉटेलाला ती शांतपणे ‘जहन्नम’ म्हणते. ती मुस्लिम असल्याचे डॉक्टरच्या लक्षात येते, तेव्हा घाबरू नकोस, असे हसत त्यालाच बजावते. तिची सर्वांत मोठी भीती म्हणजे कमी गुण मिळाल्यावर रागावलेले वडील. श्रद्धेवर जगणारा राक्षस तिला गाठतो, तेव्हा आपले शेवटचे क्षण कुणी पाहू नयेत, एवढाच तिचा आग्रह असतो. टोबी व्हिटहाउस यांनी पाऊण तासात जे माणूस उभे केले, ते यास्मिनच्या वाट्याला तीन हंगामांत आले नाही.

आपली कोंडी

यास्मिनच्या पात्रात दम नाही, असे मी म्हणालो की शेजारी येऊन उभा राहतो तो माणूस, ज्याला ती मालिकेत मुळात नकोच होती. त्याची सोबत नको म्हणून गप्प बसलो, तर लेखकाला वाटते आपले काम झाले. एक खान घेतली, आता टाळ्या वाजवा.

मराठीत लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या मुसलमानाला ही कोंडी नवी नाही. ‘तुमचे मराठी किती शुद्ध आहे हो!’ ही दाद आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. तीत कथा कशी जमली याविषयी एक शब्द नसतो. आपल्या मालिका-सिनेमांत ईदला शीरखुर्मा घेऊन येणारा सज्जन शेजारी दिसला की आपणही सुखावतो. बरे दाखवले ना, मग पुरे. त्या शेजाऱ्याला स्वतःचे एखादे दुःख, एखादा लबाड विचार, एखादा विनोद का नाही, हे विचारायला आपण कचरतो. मिळाले तेही हातचे जाईल अशी भीती असते. पण खराब लिहिलेला सज्जन मुसलमानही शेवटी पुठ्ठ्याचाच असतो.

म्हणून कुणी घसरणीची तक्रार केली की मी एवढेच पाहतो, तो भागाचे नाव घेतो का? ‘केरब्लॅम!’मध्ये कामगारांना पिळणाऱ्या अवाढव्य कंपनीला निर्दोष ठरवून चिडलेल्या कामगारालाच खलनायक केले, ही तक्रार आहे. २०२०मध्ये डॉक्टरचा जन्मेतिहासच बदलून त्याला निवडक, अद्वितीय जीव बनवले, यावरचा आक्षेपही तक्रारच. मला तो पटतो, कुणाला पटणार नाही. त्यावर बोलता येते. पण जो ना भागाचे नाव घेतो, ना प्रसंगाचे, फक्त माणसांच्या जातकुळीचे नाव घेतो, त्याला मालिकेशी देणेघेणे नाही.

चाहत्यांचा हक्क मात्र मी मोठा मानतो. बीबीसीने जुन्या टेप पुसल्या आणि साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग गमावले. वारिस हुसेन यांनी बव्हंशी दिग्दर्शित केलेली १९६४ची ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा त्यांतच गेली. तिचा आवाज तेवढा उरला, कारण काही चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला होता. लखनौच्या एका मुलाचे काम अनोळखी इंग्रज घरांनी जपले. इतक्या मायेने जपणाऱ्यांना रागावण्याचाही हक्क आहे आणि त्या हक्कात आपला वाटा पुरेपूर आहे. पुढची यास्मिन पडद्यावर येईल, तेव्हा ती आली म्हणून मी आनंद मानीन आणि ती वाईट लिहिली असेल, तर भागाचे नाव घेऊन तसे सांगेन.