सवलत कोणाची आणि कोणाच्या खिशातून?

पावसाळा ओसरून आश्विन लागला की पनवेल-उलव्याच्या कापडदुकानांवर लाल अक्षरांतील पाट्या झळकू लागतात. पन्नास टक्के सूट, दोन शर्टांवर एक मोफत, बुटांच्या जोडावर सत्तर टक्क्यांपर्यंत सवलत! हाच मजकूर गव्हाणमधील तरुणाच्या खिशातल्या मोबाइलवरही येऊन उभा राहतो, आणि त्याच्यासोबत घड्याळही येते : सवलत संपावयास दोन तास उरले. या गोष्टीकडे एक किरकोळ बाजारी करमणूक म्हणून पाहण्याची आपल्या चळवळीला सवय आहे. ही सवय आता सोडली पाहिजे. कामगार आपल्या श्रमाची किंमत मालकापुढे मागतो तेव्हा आपण त्याच्या पाठीशी उभे राहतो. परंतु तोच कामगार हातात आलेली मजुरी घेऊन दुकानात शिरतो तेव्हा आपण त्याला एकटा सोडून देतो. कारखान्याच्या दारात जे मिळविले ते दुकानाच्या दारात गमावले, तर लढा अर्धाच लढला गेला, असे म्हणावे लागेल.

हा प्रश्न गव्हाणला विशेष लागू आहे, आणि त्याला इतिहास आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. त्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथला शेतकरी जानेवारी १९८४ मध्ये रस्त्यावर उतरला, आणि गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व त्या रक्तातून आले. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, २०२४ मध्ये शिवडीहून येणारा सागरी पूल खुला झाला, आणि डिसेंबर २०२५ पासून शेजारी विमानेही उतरू लागली. भातखाचरे आणि मिठागरे गेली. ज्या घरात धान्य स्वतःच्या शेतातून येत असे, त्या घरातील प्रत्येक गरज आता रोख पैशाने बाजारातून भागवावी लागते. म्हणजे मोबदल्याची लढाई जिंकलेला माणूसही किमतीच्या लढाईत रोज उतरतो, आणि ती लढाई कशी लढावी हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

छापील किमतीचे गौडबंगाल

सवलत कशावर, हा पहिला प्रश्न. उत्तर मिळते, छापील कमाल किरकोळ किमतीवर. ही किंमत करांसहित छापण्याचे बंधन १९९० पासून आले, आणि दुकानदाराने त्याहून अधिक घेऊ नये हा त्यामागील हेतू रास्तच होता. परंतु कपडे व बूट यांच्या बाबतीत ही कमाल किंमत ठरवितो कोण? उत्पादक स्वतः! ती किती असावी याला कोणतीही वरची मर्यादा नाही. जो शर्ट सहाशे रुपयांस विकूनही नफा उरतो, त्यावर चौदाशे छापावेत, मग 'निम्म्याहून अधिक सूट' देऊन तो सहाशेलाच विकावा आणि वर ग्राहकाचे आभार घ्यावेत, यात कायद्याच्या दृष्टीने छापील किमतीचा भंग होत नाही. ग्राहकाच्या संरक्षणासाठी जी भिंत बांधली, तिचाच आधार घेऊन त्याच्या डोळ्यांत धूळ फेकण्यात येते.

आपल्यातील जुन्या साथींना नियंत्रित कापड आठवत असेल. धोतर, साडी, लाँगक्लॉथ अशा जाड्याभरड्या कापडाचा ठरावीक हिस्सा बांधून दिलेल्या दराने काढण्याची सक्ती तेव्हा गिरण्यांवर होती. त्या योजनेत दोष होते, गिरण्यांनी पळवाटाही काढल्या. पण किंमत ठरविताना निदान समाजाचा काही शब्द चालत असे. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने ही जबाबदारी हातमागाकडे ढकलली आणि गिरण्या मोकळ्या झाल्या. आता छापणाराही तोच आणि कापणाराही तोच.

सवलतीचे गणितही पाहावे. 'पन्नास टक्के आणि त्यावर आणखी वीस टक्के' ही सत्तर टक्के सूट नव्हे. हजाराचे पाचशे होतात आणि पाचशेचे चारशे. म्हणजे सूट साठ टक्के. 'दोनावर एक मोफत' यात मोफत काहीच नसते. नऊशेचे तीन शर्ट अठराशेत मिळाले तर सूट तेहेतीस टक्क्यांची झाली, तीही तिन्ही शर्ट हवे असतील तरच. ज्याला एकच शर्ट हवा होता, त्याच्या खिशातून नऊशेऐवजी अठराशे गेले. आणि ऋतूचे काय? युरोप-अमेरिकेत पानगळीबरोबर थंडी येते, म्हणून तेथे या दिवसांत जाकिटे आणि लोकरी गंजीफ्रॉक विकले जातात. त्यांचा ऋतू जसाच्या तसा उचलून आपल्या दुकानांत मांडण्यात येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात खाडीकाठच्या तरुणाला टोपीचे जाड जाकीट 'सवलतीत' मिळते. त्याला खरोखर जाकीट हवे असेल तर जानेवारीअखेर, मोसमाचा उरलेला माल दुकानदाराला जड होतो तेव्हा घ्यावे, हा साधा व्यवहार त्याला कोणी शिकवत नाही.

सरकारने कमी केलेला कर कोणी खाल्ला?

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर व बुटांवर पाच टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी हजाराच्या आतील बुटांवर बारा टक्के आणि हजारावरील बुटांवर अठरा टक्के कर होता. हजारावरील कपड्यांवर बारा टक्के होता. हिशेब सोपा आहे. बारा टक्के करासह ११२० रुपयांना मिळणारी वस्तू पाच टक्के करासह १०५० रुपयांस मिळाली पाहिजे, म्हणजे किंमत सव्वासहा टक्क्यांनी उतरली पाहिजे. अठराचे पाच झाले तेथे ती अकरा टक्क्यांनी उतरली पाहिजे. मग त्याच बुटांवर दुकानदार 'दहा टक्के दिवाळी सवलत' जाहीर करतो, तेव्हा त्याने स्वतःच्या पदरचे काय दिले? एक पैसाही नाही. सरकारी तिजोरीने सोडलेला पैसा त्याने आपल्या औदार्याच्या नावावर जमा केला, आणि एक टक्का स्वतःकडे ठेवला.

याविरुद्ध दाद मागावी तर कोठे? करकपातीचा लाभ ग्राहकाला न देणाऱ्या नफेखोराविरुद्ध जीएसटी कायद्यात स्वतंत्र तरतूद होती. पण १ एप्रिल २०२५ पासून त्या तरतुदीखाली नव्या तक्रारी घेणे बंद झाले. म्हणजे दर उतरले सप्टेंबरात, आणि दार बंद झाले त्याआधी साडेपाच महिने! उरली ती १९१५ क्रमांकाची ग्राहक हेल्पलाइन. तिचा उपयोग अवश्य करावा, परंतु तक्रार नोंदविणे आणि कायद्याने चौकशीचा हक्क असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

स्वस्ताईची किंमत कोण मोजतो?

यावर बाजारवादी मंडळींचा ठरलेला प्रतिवाद असतो : सवलतींचे सेल नसते तर कामगाराच्या मुलाच्या अंगावर नामांकित कंपनीचा शर्ट आला असता काय? या प्रश्नातच लबाडी आहे. तो शर्ट शिवणाऱ्या कामगाराची मजुरी किती, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ साभार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे चिरडली गेली. पाश्चात्त्य दुकानांसाठी स्वस्त कपडे शिवणारी ती माणसे होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले असतानाही त्यांना कामावर बोलावण्यात आले, कारण मालाची तारीख चुकवून चालणार नव्हते. आपल्याकडेही १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतले बहुसंख्य पुन्हा गिरणीत परतलेच नाहीत. लोअर परळला ज्या फिनिक्स गिरणीत कापड विणले जात असे, तेथे आज मॉल उभा आहे. कापड विणणारा गेला आणि विकणारा राहिला. भिवंडीतही यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी ऑनलाइन कंपन्यांची प्रचंड गोदामे उभी राहिली आहेत.

चपलेचेही तेच. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या कंपनीने मिलान येथे पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात त्याच घाटाच्या चपला मांडल्या, कारागिराचे नावगावही न सांगता. ओरड झाली तेव्हा कोठे मूळ प्रेरणा भारतीय असल्याचे कबूल केले. पण आपले वर्तन तरी काय आहे? जो कारागीर आपल्यासमोर बसून चामडे कापतो त्याच्याशी आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि काचेच्या दुकानातील छापील आकड्यापुढे मुकाट्याने मान तुकवितो.

दुसरा प्रतिवाद आपल्याच घरातून येतो. काही ज्येष्ठ साथी म्हणतात, माणसाला दोन जोडी कपडे पुरेत; चंगळवादाच्या चर्चेत पक्षाने वेळ का दवडावा? त्यांच्या साधेपणाबद्दल आदर राखूनही हे मान्य करता येत नाही. पोशाख हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, आणि हे आपल्याच जिल्ह्याने देशाला शिकविले. पनवेल आणि महाड हे दोन्ही तालुके तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना, अस्पृश्यतेची खूण पटविणारा पेहराव आणि दागिने टाकून द्या, असे सांगितले. नीटनेटके कपडे आणि मजबूत बूट यांची इच्छा धरणाऱ्या कंटेनर यार्डातील मुलाला चंगळवादी ठरविण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? उलट, त्याला प्रथम हे सांगितले पाहिजे की, कामाच्या जागी लागणारे सुरक्षा-बूट मालकाने विनामूल्य द्यावयाचे असतात. ते सेलमध्ये शोधण्याची वस्तूच नव्हे.

गरिबाला स्वस्त वस्तू महाग पडते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मांडता येईल. चिकटवलेल्या तळाचा पाचशे रुपयांचा जोड सहा महिन्यांत उकलला, तर महिन्याला त्र्याऐंशी रुपये पडले. शिवलेल्या तळाचा पंधराशेचा जोड, मध्ये एकदा दोनशे देऊन तळ बदलून, तीन वर्षे टिकला तर महिन्याला सत्तेचाळीसच. परंतु पंधराशे रुपये एकरकमी काढणे रोजंदारीवरच्या माणसाला जमत नाही, आणि म्हणून तो जवळजवळ दुप्पट मोजतो. हा त्याचा अडाणीपणा नव्हे, त्याच्या खिशाची ती सक्ती आहे. आणि सक्ती उपदेशाने सुटत नाही, संघटनेने सुटते.

काय केले पाहिजे?

या देशात व या राज्यात याचे पाठ आधीच घालून दिलेले आहेत. १८४४ मध्ये इंग्लंडातील रॉचडेलच्या २८ कारागिरांनी स्वतःचे दुकान काढले. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत ग्राहक सहकारी चळवळ उभी राहिली आणि तिचे 'अपना बाजार' झाले. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन बाहेर पडलेल्या स्त्रियांनी महागाईला राजकीय प्रश्न बनविले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि शेजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन घाऊक खरेदी करावी ही पद्धत तिने रुजविली.

गव्हाणला तर नव्याने काही शिकावयाचेही नाही. हळदीला एकाच रंगाचे वीस-पंचवीस सदरे घेणारी आपली मुले एकगठ्ठा खरेदी करीतच असतात. गावात भिशी आहे, स्त्रियांचे बचत गट आहेत. या दोन्ही गोष्टी जोडल्या की काम झाले. दसऱ्याच्या महिनाभर आधी गावातील पन्नास घरांनी आपली शर्ट, पँट आणि बुटांची गरज लिहून काढावी, विणकरांच्या सहकारी संस्थांकडून, चर्मकार कारागिरांकडून अथवा घाऊक व्यापाऱ्याकडून थेट भाव मागवावा, आणि रक्कम भिशीतून हप्त्याने फेडावी. कार्यकर्त्यांनी याच महिन्यात पनवेलच्या दुकानांतील व मोबाइलवरील ठरावीक दहा वस्तूंचे भाव वहीत टिपून ठेवावेत आणि सेल लागल्यावर पुन्हा टिपावेत. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून चावडीवर लावले की कोणत्याही भाषणाची गरज उरणार नाही. प्रत्येक खरेदीचे बिल मागावे. 'सूट' जाहीर करून वर वेगळा कर आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्येच दिला आहे, हे बिलावर बोट ठेवून सांगता आले पाहिजे.

आणि एक मागणी कायद्याची. सवलत जाहीर करणाऱ्याने आधीच्या तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखविलीच पाहिजे, असा नियम युरोपीय संघात मे २०२२ पासून लागू आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ऑनलाइन विक्रीतील 'खोटी घाई' फसवणूक ठरविली. मोबाइलवरचे ते घड्याळ कारणाशिवाय टिकटिकत असेल तर ते या नियमात बसते. पण खोट्या जुन्या किमतीला असा तीस दिवसांचा स्पष्ट लगाम आपल्या कायद्यात नाही. तो आलाच पाहिजे, आणि तो दुकानापासून मोबाइलपर्यंत सर्वांना सारखा लागू झाला पाहिजे. नफेखोरीविरुद्धचे बंद केलेले दारही पुन्हा उघडले पाहिजे.

जमिनीचा भाव आपण एकट्याने मागितला नाही. सारे गाव मिळून मागितला, म्हणून तो मिळाला. शर्टाचा आणि बुटाचा भाव लहान आहे, पण तो प्रत्येक घरात दर वर्षी मोजला जातो. तोही एकत्र बसूनच ठरवावा लागेल. येत्या दसऱ्यापूर्वी गव्हाणच्या शाखेने भावांची वही उघडून या कामाला हात घालावा.